तयार प्रोजेक्ट मिळणार नाही, करून शिकता येईल
इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग आणि रोबोटिक्स वर्ग, कोल्हापूर : पालकांसाठी माहिती

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आमच्याकडे हमखास विचारणा होते : "एखादा तयार प्रोजेक्ट आहे का?" नाही. उद्यमनगरात लेथ कुणी पुस्तक वाचून शिकलेलं नाही, आणि सर्किटचंही तसंच आहे. आमच्याकडे जोडणी मूलच करतं, कोडही तेच लिहितं. चाललं नाही तर मल्टीमीटर (व्होल्टेज, प्रवाह मोजायचं यंत्र) लावून कुठं अडलंय ते शोधायचं कामही त्याचंच. शिकवणारे शेजारी असतात, पण शक्यतो हात मागे बांधून.

सुरुवात एका एलईडीपासून
अर्डुइनोचा (कोड चालवणारा छोटा बोर्ड) ५ व्होल्टचा पिन, एक लाल एलईडी आणि प्रवाह मर्यादेत ठेवणारा २२० ओहमचा रेझिस्टर. एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेले ३ रेझिस्टरवर. म्हणजे प्रवाह सुमारे १४ मिलिअँपिअर. ओहमचा नियम शाळेत पाठ झालेला असतो. इथं तो मीटरवर दिसतो.

टबातली पंचगंगा
पुराचा इशारा देणारं हे छोटं मॉडेल आमचा आवडता प्रोजेक्ट. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरातल्या मुलांना सांगावं लागत नाही. एका फुटाला अर्धा सेंटिमीटर धरला की टबात १९.५ सेंटिमीटरला पिवळा दिवा आणि २१.५ ला लाल दिवा व बझर. वर, तळापासून ३० सेंटिमीटरवर, अल्ट्रासॉनिक सेन्सर. तो ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो. अंतरातल्या दर सेंटिमीटरमागे जाऊन-येऊन सुमारे ५८ मायक्रोसेकंद.

खरी मजा पुढं आहे. पाणी चढतं तसा सेन्सरचा आकडा उतरतो, त्यामुळे दिवा कधी लावायचा याची कोडमधली बहुतेकांची पहिली अट उलटी पडते. ती सुधारली, की वरून पाणी ओतताना लाटा उठतात आणि लाल दिवा लुकलुकायला लागतो. मग काही मापांची सरासरी घ्यायची, आणि दिवा २१.५ ला लागला तरी पाणी २१ च्या खाली गेल्याशिवाय विझवायचा नाही, अशी युक्ती निघते. थोडं थांबलं तर बरीच मुलं ती आपणहून काढतात. टब अरुंद असेल तर सेन्सर कडेचाच प्रतिध्वनी पकडतो, तेही इथंच कळतं.

रोबोट गाडी
ही त्यानंतर. मोटार थेट पिनला जोडायची नाही, तिला लागणारा प्रवाह पिनला झेपत नाही. मध्ये मोटर ड्रायव्हर हवा, म्हणजे पिनच्या इशाऱ्यावर बॅटरीचा प्रवाह मोटारीला देणारं सर्किट. आणि गाडी निघताक्षणी बोर्ड रिसेट होत असेल, तर कोड तपासण्याआधी बॅटरी तपासायची. मोटार सुरू होताना व्होल्टेज खाली येतं.

पालक नेहमी विचारतात ते
शॉक बसेल का? मुलांचं सगळं काम बॅटरीवर किंवा यूएसबीच्या ५ व्होल्टवर. २३० व्होल्टला मुलं हात लावत नाहीत, रिलेचा (विजेवर चालणारा स्विच) प्रयोगसुद्धा बॅटरीच्या बल्बवरच होतो. सोल्डरिंग मात्र गरम असतं : चष्मा लावून, खिडकी उघडी ठेवून, मोठ्यांच्या देखत.

इंग्रजी कच्चं असेल तर? कोडमधले शब्द मोजकेच आहेत, समजावणं मराठीतच.

चौकशीला येताना मुलाला सोबत आणा. घरात बंद पडलेलं बॅटरीवरचं खेळणं असेल तर तेही. आधी ते उघडून बघू. लॅपटॉप नसला तरी अडत नाही.