सणासमारंभांसाठीचे घरगुती केक आणि कुकी

सण, वाढदिवस, लग्न किंवा तशाच एखाद्या खास दिवसासाठी घरच्या ओव्हनमध्ये केक आणि कुकी भाजण्याचा प्रघात. रोजच्या बेकिंगहून हे काम वेगळे ठरते ते तारखेमुळे. पदार्थ ठरल्या दिवशी आणि नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त माणसांना पुरेल इतका तयार असावा लागतो. म्हणूनच हाताच्या सफाईपेक्षाही कोणता पदार्थ किती दिवस टिकतो, हे गणित इथे जास्त उपयोगी पडते.

साखर, लोणी, सुकामेवा आणि मसाले दीर्घकाळ महाग होते. त्यामुळे युरोपात गोड भाजलेले पदार्थ प्रामुख्याने सणावारीच होत. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लावल्याचे उल्लेख जर्मनीत 18व्या शतकात सापडतात. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या 1840 मधील विवाहाचा केक सुमारे 300 पौंड वजनाचा होता. घरगुती केकला खरी गती मिळाली ती मात्र रसायनशास्त्रामुळे. तोवर केक फुगवायचा तर यीस्ट वापरायचे किंवा अंडी हात दुखेपर्यंत फेटायची. इंग्रज रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी 1843 मध्ये बेकिंग पावडर तयार केली.

खाण्याच्या सोड्याला काम करायला दही, ताक, लिंबूरस असे काहीतरी आंबट लागते. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आम्ल दोन्ही असल्याने तिला ओलावा आणि उष्णता पुरते. तरी या दोन्ही गोष्टी मुळात हवेचे बुडबुडे निर्माण करत नाहीत, आधीच असलेले मोठे करतात. बुडबुडे तयार होतात फेटताना, कारण साखरेचे कण लोण्यात हवा कोंडतात. त्यासाठी लोणी बोटाने दाबल्यावर खळगा पडेल इतके मऊ हवे, पण वितळलेले नको. चार-पाच मिनिटे फेटल्यावर पिवळा रंग फिका पडतो आणि मिश्रण हलके होते. इथे घाई केली तर पुढे कितीही बेकिंग पावडर घाला, जाळी नीट पडत नाही. फ्रीजमधली थंडगार अंडी एकदम घातली तर हेच मिश्रण फाटते. मैदा घातल्यावर मात्र हात आवरायचा. जास्त ढवळल्याने ग्लूटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचे चिवट जाळे, तयार होऊन केक चिवट होतो.

पूर्वतयारीत सर्वांत आधी येतो सुकामेव्याचा केक. तो तीन-चार आठवडे आधी करून बटर पेपर आणि फॉइलमध्ये गुंडाळतात आणि अधूनमधून त्यावर चमचाभर रम किंवा ब्रँडी घालतात. साखर, सुकी फळे आणि मद्य यांमुळे तो टिकतो आणि चव मुरते. फळे संत्र्याच्या रसात भिजवलेला केक रुचकर लागतो, पण इतका टिकत नाही. तो चार-पाच दिवसच आधी करावा. लोण्याच्या खुसखुशीत कुकी हवाबंद डब्यात आठवडाभर सहज राहतात. त्यांचा कच्चा गोळा तर फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने ठेवता येतो, आणि ऐन गर्दीच्या दिवसांत याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही. गार गोळ्यातले लोणी घट्ट असल्याने ओव्हनमध्ये कुकी कमी पसरते आणि साच्याने पाडलेला आकार टिकतो. स्पंज केक आदल्या दिवशी करावा: पूर्ण गार झाला की त्याचे थर न तुटता कापता येतात. तो नुसता फ्रीजमध्ये ठेवू नये, थंडीत स्टार्च घट्ट होऊन केक लवकर कोरडा लागतो. ताज्या क्रीमची सजावट त्याच दिवशीची.

माणसे वाढली की प्रमाण दुप्पट केले जाते आणि बहुतेक फजिती इथेच होते. 20 सेंटीमीटर व्यासाच्या गोल टिनऐवजी 25 सेंटीमीटरचे घेतले, तर क्षेत्रफळ दीडपटीहून थोडे अधिक वाढते, दुप्पट नव्हे. दुप्पट मिश्रण त्यात ओतले की थर जाड होतो, कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. त्यापेक्षा दोन टिन वापरावीत, किंवा आच 180 वरून 160 अंश सेल्सिअसवर आणून केक जास्त वेळ भाजावा. मोजमाप कपाने न करता ग्रॅममध्ये करावे. एकच कप मैदा सैल भरला की दाबून, यावर वजनात मोठा फरक पडतो.

केक झाला की टिनची कड सोडू लागतो, बोटाने दाबल्यास पुन्हा वर येतो आणि मध्ये खुपसलेली काडी कोरडी निघते. त्याआधी दार उघडले तर तो मध्ये बसण्याचा धोका असतो. कुकीच्या बाबतीत उलट: कडा सोनेरी आणि मधला भाग किंचित मऊ असतानाच ट्रे बाहेर काढावा, उरलेला कडकपणा गार होताना येतो. मुलांना कच्चे मिश्रण चाटायला देऊ नये. कच्च्या अंड्यांतून साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो आणि कच्चा मैदाही जंतुमुक्त नसतो.

भेट म्हणून देताना मऊ आणि कुरकुरीत कुकी एकाच डब्यात भरू नयेत, ओलावा एकीतून दुसरीत जातो आणि दोन्ही बिघडतात. डब्यावर घटकांची चिठ्ठी लावावी. शेंगदाणे, बदाम, अंडी, दूध किंवा गहू यांची ॲलर्जी असलेला पाहुणा संकोचाने विचारत नाही.