पांढऱ्या भुकटीचा जांभळा रंग

3 मे 1969 रोजी कॅनडातल्या टोरंटो विमानतळावर कस्टमने अमेरिकी रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचे सामान उघडले. त्यात एका बाटलीत पांढऱ्या भुकटीच्या पुड्या निघाल्या. पोलिसांनी फिरती प्रयोगशाळा विमानतळावरच बोलावली, भुकटी हेरॉइन असल्याचा निष्कर्ष निघाला आणि 10 हजार डॉलरच्या जामिनावर सुटलेल्या हेंड्रिक्सने त्याच रात्री मेपल लीफ गार्डन्स या बंदिस्त स्टेडियममध्ये कार्यक्रम केला. डिसेंबरमध्ये तो निर्दोष सुटला. म्हणजे ते हेरॉइन नव्हतेच, असा अर्थ यावरून काढला तर चूक होईल.

पुडीतल्या भुकटीची पहिली चाचणी असते रंगाची. जुनी आणि अजूनही वापरात असलेली चाचणी एडुआर्ड मार्क्विस यांची, 1896 सालची. 5 मिलिलिटर 40 टक्के फॉर्माल्डिहाइड आणि 100 मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल यांचे मिश्रण जपून करायचे. मिसळताना ते चांगलेच तापते. चिनीमातीच्या पांढऱ्या खळग्यात एक-दोन मिलिग्रॅम भुकटी ठेवून वर दोन-तीन थेंब टाकायचे. शेजारच्या खळग्यात भुकटीशिवाय नुसते थेंब हवेतच, नाहीतर खळगाच अस्वच्छ होता की काय हे कळणार नाही. काही सेकंदांत जांभळा रंग आला तर अफूच्या घराण्यातले काहीतरी, नारिंगी ते तपकिरी आला तर अॅम्फेटामीन या उत्तेजक द्रव्याचे घराणे. 1967 साली इंग्लंडमध्ये 'रोलिंग स्टोन्स' या रॉक बँडचा गायक मिक जॅगर याच्यावरचा खटला अशाच चार अॅम्फेटामीनच्या गोळ्यांचा होता. तीन महिन्यांची शिक्षा झाली, अपिलात ती टळली.

जांभळाच रंग का? मॉर्फिन आणि त्याच्या भावंडांच्या रेणूत बेंझीनसारखे एक कडे असते. त्याला जोडलेल्या ऑक्सिजनमुळे त्या कड्यात इलेक्ट्रॉन भरपूर असतात. तीव्र आम्लात फॉर्माल्डिहाइडला धनभार येतो आणि ते या कड्याला जाऊन चिकटते. मग त्याच कार्बनला दुसऱ्या रेणूचे कडे जोडले जाते. दोन रेणूंमध्ये एका कार्बनचा पूल तयार होतो. आम्ल पुढे या पुलावरच्या कार्बनला धनभारित करते. आता इलेक्ट्रॉन एका कड्यापुरते राहत नाहीत, पुलावरून दोन्ही कड्यांवर पसरतात. जितका पसारा मोठा, तितकी त्यांना हलवायला लागणारी ऊर्जा कमी. एकट्या कड्याला अतिनील प्रकाश लागतो, या जोडरेणूला पिवळा-हिरवा पुरतो. तो शोषला गेला की डोळ्यांपर्यंत येतो उरलेला जांभळा. हा धनभारित कार्बन पाण्याला टिकत नाही, म्हणून ओल धरलेल्या जुन्या बाटलीतले आम्ल मळकट रंग देते. साखर तर याच आम्लात करपून तपकिरी-काळी होते. पाच-दहा मिनिटांनी रंग वाचणाऱ्याला काहीही दिसू शकते.

आणि मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन तिन्ही जांभळेच! त्यांच्यात फरक करायला नायट्रिक आम्ल वापरतात: मॉर्फिन लालसर-नारिंगी होते, हेरॉइन फिकट पिवळे. तरीही हा संशयच, पुरावा नव्हे. टीव्हीवर रंगचाचणीचे किट जांभळे झाले की लगेच 'ड्रग्ज सापडले' म्हणून ओरडणारे निवेदक एका माणसाचे आयुष्य पणाला लावतात. सिनेमातला अधिकारी भुकटी जिभेला लावून बघतो, तेही थोतांड. भेसळीतले क्विनाइनही कडूच लागते.

आपल्याकडे पंचनाम्यानंतर मुद्देमालाचे नमुने प्रयोगशाळेत जातात, मुंबईत कलिन्याला, आणि वकील वाट पाहतात ती 'सीए रिपोर्ट'ची, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची. निर्णायक चाचणी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री. 30 मीटर लांब, केसासारख्या बारीक नळीतून नमुना वाफेच्या रूपात जातो आणि प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो. तिथे 70 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या माऱ्याने रेणू फुटतो. हेरॉइनच्या रेणूचे वस्तुमान 369. त्यातून 42 चा तुकडा गळला की 327, मग 310, 268. पण हेरॉइन सडून बनणाऱ्या मोनोअॅसिटिलमॉर्फिनचे वस्तुमानही 327 च! म्हणून नुसता आकडा पुरत नाही, नळीतून बाहेर पडण्याची वेळही शुद्ध नमुन्याशी जुळावी लागते.

पदार्थ ठरला की वजनाचा प्रश्न येतो. 1977 मध्ये, पुन्हा टोरंटोतच, जॅगरच्याच बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सकडे 22 ग्रॅम हेरॉइन मिळाले, म्हणून विक्रीच्या हेतूचा आरोप लागला. 1978 मध्ये त्याने नुसते जवळ बाळगल्याचा गुन्हा कबूल केला आणि तुरुंग टळला. भारतात हेरॉइनचे 5 ग्रॅमपर्यंत अल्प आणि 250 ग्रॅमच्या पुढे व्यावसायिक प्रमाण मानतात. 2020 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हे वजन भेसळीसकट धरले जाते, त्यामुळे शुद्धता मोजून आरोपीला फारसा आधार मिळत नाही.

हेंड्रिक्सच्या खटल्यात मात्र प्रश्न वेगळाच होता. आपल्या बॅगेत हेरॉइन आहे हे त्याला ठाऊक होते का? चाहते भेटवस्तू देत असतात, ही बाटलीही एका चाहतीने दिली, औषध समजून ठेवून दिली, असे त्याने सांगितले. हे तपासणारे रसायन कोणत्याच बाटलीत नसते. ज्युरीने सुमारे आठ तास विचार केला आणि 10 डिसेंबर 1969 रोजी त्याला सोडून दिले.