स्कायडायव्हिंगच्या एएफएफ कोर्सला निघताय? आधी रजा मोजा

प्रशिक्षकाला बांधून विमानातून टँडेम उडी मारून आलात की आठवडाभरात फोन येतोच: “आता एकट्यानं मारायचीय. चार दिवस सुट्टी आहे, पट्टायाला जमवता का?” नाही जमवत. का, ते इथे लिहून ठेवतो.

टँडेममध्ये सगळं प्रशिक्षक करतो. एएफएफमध्ये, म्हणजे एकट्यानं उडी मारायला शिकवणाऱ्या ‘अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल’ कोर्समध्ये, पॅराशूट तुमच्या पाठीवर असतं. सुरुवातीला दोन प्रशिक्षक दोन बाजूंनी धरून सोबत उडी घेतात, पण साधारण 5,500 फुटांवर हँडल ओढायचं तुम्हीच. असे सात-आठ टप्पे. एखादा जमला नाही तर तोच परत, पैसे वेगळे.

कागदावर हे चार दिवसांत बसतं. प्रत्यक्षात पहिला दिवस जमिनीवरच्या वर्गात जातो, मग वारा आडवा येतो. विद्यार्थ्यांसाठी यूएसपीए या अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेची वाऱ्याची मर्यादा ताशी 14 मैल आहे. टँडेमवाले डोळ्यांदेखत वर जातात, तुम्ही हार्नेस चढवून बाकावर, आणि रागाचा फोन पुण्यात आम्हाला! चौथ्या टप्प्यावर परतलेली मंडळी सहा महिन्यांनी पुन्हा निघतात. 30 दिवसांहून जास्त खंड पडलेला, म्हणून आधी उजळणी. वाचवलेली रजा तिथेच संपते.

म्हणून दहा दिवसांखाली आम्ही नोंदणी घेत नाही. “हॉटेलचं कमिशन सुटतं वाटतं,” असं एकांनी तोंडावर ऐकवलं. हॉटेल खुशाल तुमचं तुम्ही बघा. परतीचं तिकीट मात्र तारीख बदलता येणारं काढा. हवा चांगली लागली तर उरलेले दिवस स्कायडायव्हिंगच्या पहिल्या, ‘ए’ लायसन्सच्या 25 उड्यांकडे लावता येतात. त्यासाठी पॅराशूट स्वतः घडी घालून भरताही यावं लागतं.

हेल्मेटवर कॅमेरा? 200 उड्यांनंतर विचारा. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी 2018 मध्ये पट्टायातच नऊवारी नेसून उडी मारली, हेही बरेच जण ऐकवतात. त्यांच्या गाठीशी तेव्हा शेकडो उड्या होत्या.

जाण्याआधी दोन रविवार सकाळी आमच्याकडे या. पालथं पडून पाठीची कमान धरायची, उंची बघायची, हँडल शोधायचं, एवढंच घोटून घेतो. ड्रॉपझोनवरचा, म्हणजे उड्या मारतात तिथला वर्ग त्यामुळे चुकत नाही, पण तिथे गडबडायला होत नाही. नोंदणी केलेल्यांना याचे पैसे नाहीत. वजन आणि चष्म्याचा नंबर पहिल्याच फोनवर सांगा, आणि वजन खरं सांगा.