मानवी मंगळ मोहीम

माणसांना मंगळावर उतरवणे, तिथे काही काळ राहू देणे आणि सुखरूप परत आणणे, अशी आजवर केवळ आराखड्यांत असलेली मोहीम. परग्रहावर माणूस पाठवावा की नाही, हा वाद व्यवहारात मंगळापुरताच उरतो. शुक्राच्या पृष्ठभागावर तापमान 460 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे 90 पट आहे. बुधावर श्वास घ्यायला सोडाच, यानाचा वेग आवरायलाही हवा नाही. गुरूपासून पुढच्या ग्रहांना उभे राहण्याजोगी जमीनच नाही. मंगळावर जमीन आहे, जमिनीखाली बर्फ आहे आणि तिथला दिवस 24 तास 39 मिनिटांचा आहे.

आराखडे जुने आहेत. जर्मन अग्निबाणतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच 10 याने आणि 70 माणसांची मोहीम कागदावर मांडली. 1969 मध्ये माणूस चंद्रावर उतरल्यावर अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांच्या समितीने पुढचा मुक्काम मंगळ ठरवला; राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ती शिफारस बाजूला ठेवून स्पेस शटलला मंजुरी दिली. 1989 मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी पुन्हा घोषणा केली, खर्चाचा अंदाज 400 अब्ज डॉलरच्या पुढे गेला आणि विषय बारगळला. परतीचे इंधन मंगळाच्याच हवेतून बनवावे, ही रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर या अमेरिकी अभियंत्यांची 1990 मधली कल्पना मात्र टिकली. अलीकडे इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीने मंगळावर वस्ती हे आपले दीर्घकालीन उद्दिष्ट ठरवले आहे.

मंगळ पृथ्वीपासून कधी सुमारे 5.5 कोटी, तर कधी 40 कोटी किलोमीटर दूर असतो. कमी इंधनात तिथे पोचण्याची संधी 26 महिन्यांतून एकदा मिळते. जायला सहा ते नऊ महिने, परतीची संधी येईपर्यंत सुमारे 500 दिवस मुक्काम आणि यायला तेवढाच वेळ, असे अडीच-तीन वर्षांचे गणित होते. रेडिओ संदेश एका बाजूने पोचायलाच 3 ते 22 मिनिटे लागतात, त्यामुळे अडचणीच्या क्षणी पृथ्वीवरून सल्ला मिळणार नाही. सलग अंतराळवासाचा विक्रम रशियन अंतराळवीर व्हॅलेरी पोल्याकॉव्ह यांचा आहे: 1994-95 मध्ये रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर 437 दिवस. तेही पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या आत.

हे कवच सोडल्यावर किरणोत्साराचा प्रश्न उभा राहतो. नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर (मंगळावर फिरणारी यंत्रगाडी) मंगळाकडे जाताना त्याच्यावरच्या उपकरणाने दिवसाला सुमारे 1.8 मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजण्याचे एकक) मात्रा मोजली. पृथ्वीवर नैसर्गिक स्रोतांतून आपल्या वाट्याला साधारण तेवढी वर्षभरात येते. मंगळाच्या पृष्ठभागावर ती दिवसाला 0.7 च्या जवळपास आहे. जाणे, राहणे आणि येणे मिळून हिशोब 1,000 मिलिसीव्हर्टपर्यंत जातो. नासाने आपल्या अंतराळवीरांसाठी ठरवलेली आयुष्यभराची मर्यादा 600 आहे. शिवाय वजनरहित अवस्थेत व्यायाम पुरेसा नसेल तर हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, दृष्टीवरही परिणाम होतो. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या 38 टक्के आहे. तेवढ्यात शरीर सावरते का, हे तपासणारा दीर्घ मुक्कामाचा प्रयोग माणसांवर आजवर झालेला नाही.

उतरणे वेगळेच दुखणे आहे. मंगळाची हवा विरळ, तिचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. यान तापवण्याइतकी दाट, पण पॅराशूटने थांबवण्याइतकी नाही. आजवर तिथे उतरलेले सर्वांत जड वाहन म्हणजे 2021 मधला पर्सिव्हरन्स रोव्हर, वजन सुमारे एक टन. माणसांसाठी एका वेळी 20 टनांच्या आसपास उतरवावे लागेल. त्याच रोव्हरवरच्या मॉक्सी उपकरणाने मंगळाच्या कार्बन डायऑक्साइडपासून दोन वर्षांत 122 ग्रॅम ऑक्सिजन बनवला. एका माणसाला एका दिवसात लागणाऱ्या प्राणवायूचा हा साधारण सातवा हिस्सा. कल्पना सिद्ध झाली, हे खरे यश आहे. पण परतीच्या अग्निबाणाला टनावारी ऑक्सिजन लागेल.

एवढे करून माणूसच का पाठवायचा, याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर विज्ञानात मिळते. नासाचे इनसाइट हे यान 2018 मध्ये मंगळावर उतरले. त्याच्यासोबत सुमारे 40 सेंटिमीटर लांबीचा, स्वतःला आतून ठोकत जमिनीत शिरणारा खिळा होता. पाच मीटर खोल जाऊन मंगळाच्या पोटातली उष्णता मोजायची, हे त्याचे काम. माती अपेक्षेप्रमाणे सैल नव्हती. खिळ्याला धरून ठेवील इतके घर्षणच तिच्यात नव्हते. तो जागच्या जागी उड्या मारत राहिला. अभियंत्यांनी यांत्रिक हाताच्या खोऱ्याने त्याला बाजूने दाबले, वरून दाबले, भोवतीची माती खरवडून खड्ड्यात लोटली. प्रत्येक हालचालीआधी पृथ्वीवर सराव, मग संदेश, मग वाट पाहणे. जवळजवळ दोन वर्षांनी, जानेवारी 2021 मध्ये प्रयत्न सोडले, तेव्हा खिळ्याचे डोके जमिनीखाली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर गेले होते. शेजारी फावडे घेतलेला माणूस असता, तर त्याच दिवशी खड्डा खणून झाला असता.

अपोलो 17 चा दाखलाही इथे बोलका आहे. डिसेंबर 1972 मध्ये भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट आणि यूजीन सर्नन यांनी चंद्रावर तीन दिवसांत गाडीतून सुमारे 35 किलोमीटर फिरून 110 किलो दगडमाती आणली. राखाडी जमिनीतला नारिंगी थर श्मिट यांच्या नजरेने टिपला. ऑपर्च्युनिटी रोव्हरला मंगळावर 45 किलोमीटर कापायला 14 वर्षे लागली. महाराष्ट्रातल्या वाचकाला लोणारचे उदाहरण जवळचे वाटेल. बुलढाणा जिल्ह्यातले हे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर लाव्हा थिजून झालेल्या काळ्या बेसाल्ट खडकात आहे आणि मंगळाची बरीचशी जमीनही बेसाल्टचीच असल्यामुळे ग्रहशास्त्रज्ञ त्याचा नमुना म्हणून अभ्यास करतात. लोणारचे विवर ज्वालामुखीचे असावे, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानत. 1970 च्या दशकाच्या आरंभी तलावाच्या तळाशी बोअर घेऊन आघाताने काच झालेली खनिजे हाती आली, तेव्हा अशनीपाताचा निर्णय झाला. मंगळावर मात्र क्युरिऑसिटीचे ड्रिल खडकात पाच-सहा सेंटिमीटरच जाते.

विरोधकांची बाजू कमकुवत नाही. पृथ्वीभोवतीचे प्रारणपट्टे (भारित कणांचे पट्टे) शोधणारे जेम्स व्हॅन अ‍ॅलन आयुष्यभर म्हणत राहिले की अवकाशविज्ञानाचे बहुतेक मोठे शोध यंत्रांनी लावले. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांच्या मते सरकारी पैसा यंत्रमानवांवर खर्च व्हावा आणि धोका पत्करणाऱ्यांनी खाजगी पैशावर जावे. भारताचेच आकडे पाहा: 2013 मध्ये निघालेली मंगळयान मोहीम 450 कोटी रुपयांत झाली, पृथ्वीभोवतीच्या कक्षेत माणूस पाठवणाऱ्या गगनयान कार्यक्रमाची तरतूद अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागासह 2024 मध्ये 20,193 कोटींवर गेली. दोन्हींची उद्दिष्टे वेगळी आहेत, पण जीव सांभाळण्याची किंमत त्यातून कळते.

वस्तीचा युक्तिवाद मात्र तपासताच ढासळतो. पृथ्वीवर संकट आले तर मानवजातीला दुसरे घर हवे, असे स्टीफन हॉकिंग यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञही म्हणत. मंगळावर सरासरी तापमान उणे 60 अंश, मातीत विषारी परक्लोरेट क्षार, उघड्यावर काही मिनिटेही टिकता येणार नाही इतका कमी दाब. उल्कापात झालेली किंवा तापलेली पृथ्वीसुद्धा याहून राहण्याजोगी असेल. शिवाय औषधे, सुटे भाग, चिप यांसाठी ती वस्ती कित्येक पिढ्या पृथ्वीवरच अवलंबून राहील.

खरी निकड क्रमाची आहे. मंगळावर कधी जीव होता का, हा या ग्रहाचा सर्वांत मोठा प्रश्न. 1976 मध्ये उतरलेली व्हायकिंग याने निघण्यापूर्वी 110 अंशांहून अधिक तापमानाला कित्येक तास भाजून निर्जंतुक केली होती. माणसाला तसे करता येत नाही. प्रत्येकाच्या शरीरात 30-40 लाख कोटी जिवाणू असतात आणि पोशाखातून, कचऱ्यातून ते बाहेर पडणारच. 1967 च्या अवकाश करारातील नववे कलम घातक दूषितीकरण टाळायला सांगते. पर्सिव्हरन्सला जुलै 2024 मध्ये जेझेरो विवरात ठिपक्यांचा एक खडक सापडला, ज्यातली लोहखनिजे प्राचीन सूक्ष्मजीवांची खूण असू शकतात. त्याचा नमुना कुपीत बंद आहे. तो आणण्याचा अंदाजी खर्च 11 अब्ज डॉलरवर आणि वर्ष 2040 वर गेल्याचे नासाने 2024 मध्ये सांगितले आणि योजना रखडली. चीनने आपल्या थ्येनवन-3 मोहिमेतून नमुने आणण्यासाठी 2028 च्या आसपासचे उड्डाण ठरवले आहे. नमुने आधी, माणूस नंतर, हाच क्रम योग्य आहे. उलट झाले तर सापडलेला जीव मंगळाचा की आपल्याच अंतराळवीराच्या आतड्यातला, हा वाद कधीच मिटणार नाही. त्यानंतर अंटार्क्टिकावरच्या तळांसारखे, पाळीपाळीने जाणाऱ्या संशोधकांचे छोटे ठाणे उभारणे नक्कीच मोलाचे ठरेल.

भारताने 2035 पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक आणि 2040 पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस अशी उद्दिष्टे जाहीर केली आहेत. मंगळावर माणूस पाठवण्याचे वर्ष ठरलेले नाही आणि त्यात काही गैर नाही. मंगळाचे नमुने पृथ्वीवर येतील, तेव्हा त्यांच्या तपासणीत वाटा मागण्याइतकी तयारी भारतीय प्रयोगशाळांना आताच करता येईल. दख्खनच्या बेसाल्टवर हयात घालवलेले भूशास्त्रज्ञ आपल्याकडे आहेतच.