रक्त पातळ करणारी औषधे आणि वृद्धांतील रक्तस्राव

रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारी औषधे. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे त्यांचे रूढ नाव असले, तरी रक्त पातळ होत नाही. गुठळी धरायला वेळ लागतो. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या (एट्रिअल फिब्रिलेशन) वृद्धांना पक्षाघात होऊ नये म्हणून ती मुख्यतः दिली जातात.

यांतले जुने औषध वॉरफरिन. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा कुजका चारा खाल्लेली गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्यामागचे द्रव्य विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने वेगळे केले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी आणि १९५४ मध्ये माणसांसाठी वापरात आले. रक्त गोठायला लागणाऱ्या जीवनसत्त्व ‘के’चे काम ते अडवते. रक्ततपासणीत गोठण्याचा वेळ सांगणारा आकडा, ‘आयएनआर’, बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात.

वयाबरोबर मेंदू आकसतो आणि त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. त्यामुळे साध्या धक्क्यानेही आत हळूहळू रक्त साचू शकते. डोके दुखणे, गोंधळणे, तोल जाणे ही लक्षणे कधी काही आठवड्यांनी दिसतात, आणि घरचे ती म्हातारपणावर घालतात. हे फार घातक ठरते. मूत्रपिंडे मंदावल्याने डॅबिगॅट्रानसारखे नवे औषधही शरीरात साठते, कारण त्याचा सुमारे ८० टक्के निचरा त्यांच्यातूनच होतो.

पण पुष्कळदा घात होतो तो दुसऱ्याच गोळीने. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेले डायक्लोफेनॅक जठरातून रक्तस्राव घडवते. शौच डांबरासारखी काळी होते. जुलाबांवरचे मेट्रोनिडॅझोल वॉरफरिनचा परिणाम वाढवते. जीवनसत्त्व ‘के’ असले, तरी मेथी-पालक वर्ज्य नाहीत. मात्र रोजची भाजी एकाएकी सोडली तर आयएनआर चढतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

वृद्ध ‘पडतील’ आणि डोक्यात रक्तस्राव होईल या भीतीने रक्त पातळ करणारी गोळी नाकारणे बहुधा चुकीचेच. १९९९ च्या एका गणितानुसार, पक्षाघाताचा मध्यम धोका असलेली व्यक्ती वर्षात सुमारे २९५ वेळा पडली, तरच मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाचा तोटा वॉरफरिनच्या फायद्यावर मात करेल. पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांवरील ब्रिटनमधील ‘बाफ्टा’ चाचणीत (२००७) गंभीर पक्षाघातासारख्या घटना वॉरफरिनवर वर्षाला १.८ टक्के, तर ॲस्पिरिनवर ३.८ टक्के रुग्णांत घडल्या. मोठ्या रक्तस्रावात लक्षणीय फरक नव्हता.

डोक्याला मार लागल्यास बरे वाटत असले तरी रुग्णालयात जाऊन औषधाचे नाव सांगावे. वॉरफरिनवर जीवनसत्त्व ‘के’, तर डॅबिगॅट्रानवर इडारुसिझुमॅब हा उतारा आहे.