पायाला लागलेल्या गोळीवरची शस्त्रक्रिया

पायाला गोळी लागली की ऑपरेशन म्हणजे गोळी बाहेर काढणं असंच बहुतेकांना वाटतं, पण सर्जनला सगळ्यात कमी घाई असते ती गोळीचीच. पहिला प्रश्न रक्ताचा. मांडीतली फिमोरल धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, म्हणून आधी जखमेवर जोरात दाब द्यायचा, तेवढ्याने नाही थांबलं तर जखमेच्या वर टूर्निकेट (रक्त थांबवणारा घट्ट पट्टा) आवळायचं आणि ते किती वाजता बांधलं ते लिहून ठेवायचं, कारण साधारण २ तासांच्या पुढे ते तसंच राहिलं तर पायालाच धोका वाढत जातो.

पावलाची नाडी लागत नाही, ठोक्याठोक्याला रक्त उडतंय किंवा सूज बघताबघता वाढतेय, यातलं काहीही दिसलं की पेशंटला थेट ऑपरेशन थिएटरमध्ये घेतात. नुसती शंका असेल तर घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीने भागून बघतात, भागाकार ०.९ च्या खाली आला तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन.

धमनीचा चेंदामेंदा झालेला तुकडा कापून त्या जागी पेशंटचीच शीर बसवतात, बहुधा दुसऱ्या पायातली सॅफेनस नावाची, आणि ती टोकं उलटी करून जोडावी लागते नाहीतर तिच्या आतल्या झडपाच रक्त अडवतील. रक्तपुरवठा तुटल्यापासून हे सगळं शक्यतो ६ तासांच्या आत व्हायला हवं. हाड पण मोडलं असेल तर तोवर धमनीत तात्पुरती नळी घालून रक्त चालू करतात, बाहेरून फिक्सेटर (हाडात पिना घालून बाहेर जोडलेली दांडी) लावून हाड स्थिर करतात आणि मग निवांत शीर जोडतात. रक्त परत आलं की पोटरी आतून फुगते, म्हणून बऱ्याचदा फॅशिओटॉमी करतात, म्हणजे दोन लांब छेद घेऊन पोटरीचे चारही कप्पे मोकळे करायचे. दुसऱ्या महायुद्धात अशी धमनी बहुतेक वेळा नुसती बांधून टाकायचे, आणि बांधलेल्यांपैकी जवळपास निम्मे हातपाय कापावे लागले; कोरियाच्या युद्धात धमनी जोडायला लागले तेव्हा हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आलं. या विषयातला सगळ्यात मोठा बदल हाच म्हटला पाहिजे.

पिस्तुलाची साधी जखम असेल, हाड-धमनी शाबूत असेल, तर धुणं, ड्रेसिंग, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि गरजेप्रमाणे अँटिबायोटिक एवढ्यावर पण भागतं. रायफलचं तसं नाही, तिची वेगवान गोळी आजूबाजूचं मांस क्षणभर फाकवून मारून टाकते, वरचं भोक लहान दिसतं आणि आत मेलेलं मांस पसरलेलं असतं. ते कापताना सर्जन चार गोष्टी बघतो: रंग, घट्टपणा, चिमटा लावल्यावर स्नायू आकसतो का, कापल्यावर रक्त येतं का. नंतर जखम शिवायची नाही! उघडीच ठेवून ड्रेसिंग करायचं आणि ३ ते ५ दिवसांनी स्वच्छ दिसली तरच बंद करायची, लगेच शिवली तर आत पू कोंडतो.

गोळी तापलेली असते म्हणून जंतू मरतात हा गैरसमज आहे, उलट ती कपड्याच्या चिंध्या आत ओढून नेते. स्नायूत खोल बसलेली गोळी मात्र तशीच राहू देतात, शोधत बसलं तर नुकसानच जास्त. सांध्यात असेल तर काढतातच, कारण सांध्यातल्या द्रवात शिसं विरघळून रक्तात उतरतं आणि सांध्यातली कूर्चापण (हाडांच्या टोकांवरचं मऊ आवरण) झिजते. नस, म्हणजे मज्जातंतू, बधिर झाली असेल तर बऱ्याचदा ती तुटलेली नसते, नुसती हादरलेली असते, म्हणून पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंट (आधाराची पट्टी) देऊन काही महिने वाट बघतात आणि सुधारणा नाहीच दिसली तर मग नस उघडून बघतात.