प्राणिममी : न उलगडता परीक्षण

प्राचीन ईजिप्तमधील प्राणिममींची वेष्टने न सोडता आतील अवशेष ओळखण्याच्या पद्धती. सक्कारा, बूबास्टिस, तूना अल्-गेबेल इ. ठिकाणी मांजरे, शराटी (आयबिस पक्षी), ससाणे, मगरी यांच्या ममी प्रचंड संख्येने आढळल्या. बहुतेक ममी नवसाच्या असून त्या सामान्यतः इ. स. पू. सातव्या शतकापासून रोमन अंमलापर्यंतच्या मानल्या जातात. एकोणिसाव्या शतकात त्यांची फारशी कदर झाली नाही. १८९० च्या सुमारास मांजरांच्या ममी, एका अंदाजानुसार १,८०,०००, लिव्हरपूलला नेऊन खतासाठी विकल्या गेल्या.

क्ष-किरणांचा शोध लागल्यावर काही महिन्यांतच, १८९६ मध्ये, वाल्टर केनिख यांनी फ्रँकफुर्ट येथे मांजराच्या ममीचे क्ष-किरणचित्र घेतले. अशा चित्रात हाडे एकमेकांवर पडलेली दिसतात. अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरणचित्रांवरून त्रिमितीय प्रतिमा बनविणाऱ्या सीटी स्कॅनमुळे ही अडचण दूर झाली. तथापि लहान पक्षी वा साप यांच्यासाठी वैद्यकीय यंत्राची सूक्ष्मता पुरत नाही. तेथे सूक्ष्म सीटी वापरतात. स्वॉन्झी विद्यापीठातील रिचर्ड जॉन्स्टन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये या पद्धतीने तीन ममी तपासल्या. मांजराच्या जबड्यात हिरड्यांबाहेर न आलेले दात दिसले, त्यावरून ते पाच महिन्यांहून लहान पिल्लू ठरले. पक्ष्याच्या हाडांची मापे केस्ट्रेल या छोट्या ससाण्याशी सर्वाधिक जुळली. सापाचे पिल्लू नागाचे असून त्याच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम साठले होते. जिवंतपणी पाणी कमी मिळाल्याचे हे लक्षण असावे.

बाह्य आकारावर विसंबणे धोक्याचे असते. इंग्लंडमधील मेडस्टोनच्या संग्रहालयात ससाण्याची म्हणून नोंदलेली एक ममी मानवी अर्भकाची निघाली.

मँचेस्टर येथील संशोधकांनी आठशेहून अधिक प्राणिममी तपासल्या. साधारण एक तृतीयांश ममींत पूर्ण प्राणी, तितक्याच ममींत थोडेच अवशेष आणि उरलेल्यांत प्राण्याचे हाडही नव्हते. चिखल, काड्या, अंड्यांची टरफले किंवा पिसे मात्र होती. याचा अर्थ काय, यावर मतभेद आहेत. मागणी पुरवता न आल्याने भाविकांची फसवणूक झाली, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार पवित्र प्राण्याशी संबंध आलेली कोणतीही वस्तू, मग ते घरट्यातील गवत का असेना, नवसाला पुरेशी होती. ‘रिकाम्या’ ममींची वेष्टनेही पुष्कळदा तितक्याच निगुतीने विणलेली असल्याने दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. मंदिराच्या कारभारात लबाडी मुळीच नव्हती, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

प्राणिममी ठेवलेल्या धातूच्या बंद पेट्यांसाठी, विशेषतः शिसे असल्यास, क्ष-किरण अपुरे पडतात. न्यूट्रॉन धातूतून सहज जातात आणि प्राण्यांच्या अवशेषांसारख्या हायड्रोजनयुक्त पदार्थांत अडतात. ब्रिटिश म्यूझियममधील तांब्याच्या मिश्रधातूच्या सहा पेट्या अशा रीतीने तपासल्या असता तिहींत हाडे आढळली. त्यांतील काही सरड्यांची असावीत. तीन पेट्यांत शिसेही होते.